जुन्या सिझरच्या टाक्याची जाडी: दोन सेंटर, दोन आकडे, नेमकं काय समजायचं?

जुळेसोलापूरकर (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. माझं पहिलं बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सिझर झालं, बाळ पायाळू होतं म्हणून. आता दुसऱ्या वेळी ३६ वा आठवडा सुरू आहे. बाळाचं डोकं खाली, वार वरच्या बाजूला, पाणी व्यवस्थित, बीपी-शुगर काही नाही. शक्य असेल तर या वेळी नॉर्मल व्हावं अशी माझी आणि नवऱ्याची इच्छा आहे.

गेल्या आठवड्यात सात रस्त्याजवळच्या एका सेंटरला सोनोग्राफी केली. रिपोर्टच्या अगदी शेवटच्या ओळीत "स्कार थिकनेस २.१ मिमी" असं होतं. जिथे नाव नोंदवलंय तिथल्या डॉक्टरांनी तेवढीच ओळ वाचली आणि म्हणाले, टाका पातळ झालाय, दोन दिवसांत ॲडमिट व्हा, सिझर करून टाकू. मला पोटात काहीही दुखत नाही, बाळ छान फिरतंय. मन मानेना म्हणून होटगी रोडच्या दुसऱ्या सेंटरला गेलो. तिथला आकडा आला ३.६ मिमी!

एकाच आठवड्यात, एकाच पोटात एवढा फरक कसा? सासूबाई म्हणतात, मशीन-मशीनचा फरक असतो, आणि खात्रीचं म्हणून सिझरच करून घे. मी रात्री झोपू शकत नाहीये. कुणाला माहिती असेल तर नीट समजावून सांगा, प्लीज.

माढ्याची_लेक

ताई, घाबरू नका, पण माझं ऐकून ठेवा. माझ्या दुसऱ्या वेळी आकडा ३ च्या वर होता, सगळे म्हणाले चांगला आहे. तरी कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके खाली-वर व्हायला लागले म्हणून मॅडमनी सिझर केलं. नंतर राउंडला आल्यावर त्यांनी सांगितलं, पोट उघडलं तेव्हा पिशवीचा खालचा भाग इतका विरळ झाला होता की आरपार बाळाचे केस दिसत होते. फाटलं नव्हतं, फक्त पातळ पडदा उरला होता. माझा मुलगा आता पहिलीत आहे, ठणठणीत. म्हणून सांगते, आकड्यावर फार विसंबू नका. ना घाबरण्यासाठी, ना निर्धास्त होण्यासाठी.

सोनोवाली_डॉक्टर

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करते. इथे बसून कुणाची डिलिव्हरी कशी करायची ते मी सांगणार नाही, ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचं काम. पण दोन आकड्यांचा उलगडा बहुतेक होईल. तीन गोष्टी सांगा:

पहिली सोनोग्राफी आतून (योनीमार्गातून) केली होती की पोटावरून? दुसरी कशी केली? दोन्ही वेळी लघवी किती भरली होती? आणि रिपोर्टवर "फुल थिकनेस" किंवा "मायोमेट्रियल" असा शब्द कुठे आहे का ते बघा.

जुळेसोलापूरकर

डॉक्टर, आत्ता दोन्ही फाइल घेऊन बसले. पहिली आतून केली होती, त्याआधी लघवीला जाऊन यायला सांगितलं होतं. त्यात बारीक अक्षरात "मायोमेट्रियल" लिहिलंय. दुसरी पोटावरून, त्यासाठी बाटलीभर पाणी प्यायला लावलं होतं. त्यात "एलयूएस फुल थिकनेस" असं आहे. म्हणजे दोन्ही वेगवेगळं मोजलंय का?

सोनोवाली_डॉक्टर

हो, अगदी तेच. आणि हे मला रोज दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सिझरच्या वेळी पिशवीला आत घातलेला दोरा केव्हाच विरघळून गेलेला असतो. नवव्या महिन्यात तो जुना टाका बऱ्याचदा वेगळा ओळखूही येत नाही. आपण मोजतो ती पिशवीच्या खालच्या भागाची, लोअर सेगमेंटची (तुमच्या रिपोर्टमधलं एलयूएस), सगळ्यात पातळ जागेची जाडी. समोर लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशयाची भिंत, मागे बाळाभोवतीचं पाणी किंवा बाळाचं डोकं, असं ते चित्र असतं.

आता मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत लघवीच्या पिशवीची भिंत धरून आतल्या पाण्यापर्यंत सगळा थर मोजतात, ती फुल थिकनेस. दुसरीत मधला काळसर दिसणारा स्नायूचा पट्टा तेवढाच मोजतात, ती मायोमेट्रियल. एकाच बाईत, एकाच दिवशी, एकाच मशीनवर या दोन आकड्यांत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. तुमचे २.१ आणि ३.६ एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात आणि दोन्हीवर "स्कार" असाच मथळा दिलाय.

यात भर म्हणजे लघवी फार भरली असेल तर भिंत ताणली जाऊन पातळ दिसते. नेमकं त्याच वेळी गर्भाशय आकसलं, म्हणजे पोट कडक झालं, तर तीच भिंत जाड दिसते. म्हणून पोट सैल असताना, लघवी अर्धवट भरलेली असताना, बरोबर मध्यरेषेत, चित्र मोठं करून किमान तीनदा मोजायचं आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्यायचा, ही रीत. प्रोब किंचित तिरका झाला किंवा रेघ लावताना इकडची तिकडे झाली तर अर्धा मिलिमीटर जातो. आणि इथे सगळा निर्णयच एक-दीड मिलिमीटरवर उभा असतो.

अजून एक. लोअर सेगमेंट तयारच होतो शेवटच्या तीन महिन्यांत, आणि तो सगळ्यांचाच पातळ होत जातो, सिझर न झालेल्या बाईचासुद्धा. त्यामुळे पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत कुणी टाक्याची जाडी लिहून दिली असेल तर नॉर्मल की सिझर हे ठरवायला तिचा उपयोग नाही. मोजायचीच असेल तर ३५ ते ३८ आठवड्यांच्या दरम्यान.

पंढरीचा_बाप

डॉक्टर, फारच छान समजावलंत. पण मग किती मिमीच्या खाली धोका? आमच्या हिला मार्चमधली तारीख आहे, तिचंही पहिलं सिझर आहे. एक ठोक आकडा सांगितला तर बरं होईल.

सोनोवाली_डॉक्टर

ठोक आकडा नाही, आणि का नाही तेही सांगते, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

या विषयावरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास फ्रान्समधला, रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा, १९९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. आधी सिझर झालेल्या ६४२ बायकांची जाडी ३६ ते ३८ आठवड्यांत पोटावरून मोजली, फुल थिकनेस. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना आकडा कळू दिला नाही. नंतर कुणाचा टाका उसवला किंवा विरला होता ते पाहिलं. ४.५ मिमीच्या वर असलेल्या २७८ बायकांत एकीचाही नाही. ३.६ ते ४.५ मध्ये १७७ पैकी ३. २.६ ते ३.५ मध्ये १३६ पैकी १४. आणि १.६ ते २.५ या सगळ्यात पातळ गटात ५१ पैकी ८.

"३.५ च्या खाली धोका" हे वाक्य तिथून आलं आणि सगळीकडे पसरलं. पण शेवटची ओळ पुन्हा वाचा. सगळ्यात पातळ गटातही ५१ पैकी ४३ जणींचा टाका शाबूत होता. जाड भिंत पुष्कळ धीर देते, पातळ भिंत मात्र फाटेलच असं सांगत नाही. आणि त्या बिघडलेल्या टाक्यांत नुसता विरलेला टाकाही धरला होता. माढ्याच्या ताईंसारखा, ज्यात आई आणि बाळ दोघंही सुखरूप राहू शकतात.

पुढे कॅनडातल्या अभ्यासांत फुल थिकनेससाठी २.३ किंवा २ मिमी अशा कितीतरी खालच्या रेषा आल्या. नुसत्या स्नायूसाठी तर आकडे आणखी खाली जातात. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात स्नायूची जाडी २.१ ते ४ मिमी असेल तर टाका बिघडलेला असण्याची शक्यता बरीच कमी होते असं दिसलं. धागाकर्तीचा २.१ हा स्नायूचा आकडा आहे हे लक्षात घ्या. त्याला फुल थिकनेसची ३.५ ची पट्टी लावली की घरात रडारड होणारच.

आकडा बघून निर्णय घेतल्याने आई-बाळाचं भलं होतं का, याचीही परीक्षा झाली. फ्रान्समध्येच सुमारे २९०० बायकांवर, २०२२ साली निकाल आला. मोजलेल्या आणि न मोजलेल्या गटांत ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. उलट क्युबेकमधल्या ४० रुग्णालयांच्या मोठ्या प्रयोगात बाळांचे गंभीर त्रास कमी झाले, पण तिथे सोनोग्राफी एकटी नव्हती. डॉक्टरांचं प्रशिक्षण, नॉर्मल होण्याची शक्यता प्रत्येक बाईसाठी वेगळी काढणं आणि तिच्याबरोबर बसून निर्णय घेणं, हे सगळं एकत्र होतं. मला त्यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आकडा हा त्या बोलण्यातला एक मुद्दा असावा. आपल्याकडे तो एकटाच निकाल देऊन मोकळा होतो.

जुनी_सदस्या

टाका जाड व्हायला काही खावं लागतं का? आमच्याकडे डिंक, उडीद द्यायचे. आणि पूर्ण आराम करायला सांगतात.

सोनोवाली_डॉक्टर

खाण्याने किंवा पडून राहण्याने ती जाडी वाढत नाही. डिंकाचे लाडू आवडत असतील तर खुशाल खा.

रात्रपाळी

मी लेबर रूमला सिस्टर आहे, बरीच वर्षं. डॉक्टरांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगते.

आमच्याकडे बायका सोनोग्राफीच्या दोन-दोन फाइली घेऊन येतात, आणि पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड मात्र घरी कपाटात, नाहीतर माहेरी. ते आणा हो! त्यात छेद आडवा होता की उभा, पुढे वाढला होता का, सिझर कशासाठी केलं, गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर केलं की कळांच्या आधी, नंतर ताप आला होता का, ही माहिती असते. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणजे पिशवीवरचाही आडवाच, असं नसतं. पिशवीवर उभा छेद असेल तर नॉर्मलचा विचारच करायचा नाही. तिथे फाटण्याचा धोका कितीतरी जास्त, आणि अशा बाईचं सिझर ३६-३७ आठवड्यांतही करतात. पण खालचा आडवा एकच छेद असेल, तर कळा येऊ दिल्यावर फाटण्याचं प्रमाण साधारण दोनशेत एक धरतात. आणि प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या सत्तरेक जणी नॉर्मल होतात. धागाकर्तीसारखं पहिलं सिझर पायाळू बाळासाठी झालं असेल तर शक्यता आणखी चांगली, कारण अडचण त्या बाळाच्या ठेवणीची होती.

दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर जपून. कळा आणायच्या गोळ्या जुन्या टाक्यावर नकोत, मिझोप्रोस्टॉल तर नाहीच.

आणि फक्त एका आकड्यावरून, दुसरं काही कारण नसताना, ३६ आठवड्यांत बाळ काढायची घाई बघितली की मला वाईट वाटतं. तशी बाळं श्वासासाठी आमच्या शेजारच्या काचेच्या पेटीत येतात. ठरवून करायचं सिझर साधारण ३९ आठवडे भरल्यावर करतात, ते उगाच नाही.

दवाखाना कसा हवा तेही विचारा. भूलतज्ज्ञ रात्री दोनला किती वेळात येतो? रक्त कुठून येणार? बाळाच्या ठोक्यांचा पट्टा कळा सुरू झाल्यापासून सतत लावणार का? टाका उसवताना सगळ्यात आधी बहुतेक वेळा बाळाचे ठोकेच बिघडतात. आई नंतर सांगते. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, अंगावरून लाल जाणं, लघवीत रक्त, चालू असलेल्या कळा एकदम बंद पडणं, यातलं काहीही झालं तर घरी थांबायचं नाही, १०८ ला फोन.

अक्कलकोटकर

सिस्टरना दुजोरा. गावाकडच्या लोकांनी अंतराचाही विचार करावा. आम्ही अक्कलकोटहून, चाळीसेक किलोमीटर, आणि ऊस तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग. म्हणून ३८ आठवडे झाल्यावर बायकोला सोलापुरात मावशीकडे आणून ठेवलं होतं. तारीख संक्रांतीच्या आसपास असेल तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीचा आणि नंदीध्वजाच्या मिरवणुकीचा रस्ता टाळून दवाखान्यापर्यंत कसं पोचायचं ते आधी बघून ठेवा. आम्ही पाहिलं होतं, उपयोगी पडलं. नॉर्मल झालं, मुलगी.

पूर्वभाग_अक्का

सगळे नवव्या महिन्याचं बोलताय, मला पहिल्या महिन्यांचं बोलायचंय. आधी लिहू की नको असं वाटलं, पण लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीची आधी दोन सिझर. तिसऱ्या वेळी पाचव्या महिन्यापर्यंत तिने सोनोग्राफीच केली नाही. ती विड्या वळते, एक दिवस दवाखान्यात गेला की तेवढी मजुरी बुडते. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली, बाळाचे अवयव चांगले आहेत म्हणून सगळे खूश. वार खाली आहे असं रिपोर्टमध्ये होतं, पण ते आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही. आठव्या महिन्यात रक्त जायला लागलं, तेव्हा कळलं की वार जुन्या टाक्यातच रुतलीय, अगदी लघवीच्या पिशवीला लागून. ऑपरेशन संपेपर्यंत नवरा आणि दीर रक्ताच्या पिशव्यांसाठी पळत होते. गर्भाशयाची पिशवी काढावी लागली. बहीण आणि बाळ दोघं आहेत, देवाची कृपा. पण ती सव्विसाव्या वर्षी त्यातून गेली, आणि कुणीतरी आधी सांगितलं असतं तर तयारीने गेली असती.

टाक्याची जाडी किती हे सगळे विचारतात. वार कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

सोनोवाली_डॉक्टर

अक्का, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. या धाग्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं तुम्ही लिहिलंय, आणि ते वर असायला हवं.

आधी सिझर झालेल्या बाईची पहिली सोनोग्राफी ६ ते ८ आठवड्यांत व्हावी, शक्यतो आतून. त्या वेळी एकच गोष्ट बघायची: गर्भाची पिशवी गर्भाशयात वर आहे की खाली जुन्या टाक्याच्या खाचेत रुजलीय? टाक्यात रुजली असेल तर तेव्हा ते स्पष्ट दिसतं. पुढे गर्भ वाढून वरच्या पोकळीत येतो आणि सगळं नेहमीसारखं वाटायला लागतं. म्हणजे लवकर पाहिलं नाही तर चुकण्याची शक्यता वाढत जाते. लवकर सापडलं तर उपाय करता येतात, आणि पिशवी वाचण्याची संधी बरीच असते.

नंतर ही बाई पाचव्या महिन्यात आली की वार पुढच्या भिंतीवर खाली आहे का ते बघायचं. खाली असेल आणि आधी सिझर असेल तर वार रुतली आहे का, ते मुद्दाम शोधायचं: वार आणि स्नायू यांच्यामधली काळी रेघ नाहीशी झालीय का, वारेत वेड्यावाकड्या पोकळ्या आहेत का, लघवीच्या पिशवीची पांढरी कड तुटली आहे का, रक्तवाहिन्या आरपार जातात का. २००६ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या बायकांत ती रुतण्याचं प्रमाण आधीच्या एका सिझरनंतर ११ टक्के, दोनांनंतर ४० आणि तीननंतर ६१ टक्के निघालं. अक्कांच्या बहिणीची दोन झाली होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सिझरचं प्रमाण २०१५-१६ ला सुमारे २० टक्के होतं, २०१९-२१ ला २५.४. म्हणजे चारातली एक आई पुढच्या वेळी जुना टाका घेऊन येणार. तिला आपण नवव्या महिन्यात मिलिमीटर मोजून घाबरवतो, आणि दुसऱ्या महिन्यात बोलवतही नाही.

रात्रपाळी

अक्का, तुमच्या भागातल्या बायकांना एवढं सांगा: पाळी चुकली की आशाताईला कळवायचं आणि "आधी सिझर झालंय" हे पहिल्या वाक्यात सांगायचं. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईची तपासणी, सोनोग्राफी, बाळंतपण, लागलं तर सिझर, सगळं मोफत आहे. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. सिझर झालेलीला तो लागलाय का ते बघून घ्यायचं. सोनोग्राफीला जाताना आधार कार्ड हवं, प्रत्येक वेळी एफ फॉर्म (गर्भलिंग निदानबंदी कायद्याखालचा) भरावा लागतो, नाहीतर परत पाठवतात.

पूर्वभाग_अक्का

सांगते. आमच्या गल्लीत मी तेलुगूतूनही सांगेन, पुष्कळ जणींना तेच बरं कळतं.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे खूप आभार. काल दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. माहेरहून जुनं डिस्चार्ज कार्ड मागवलं होतं, त्यात खालचा आडवा छेद, वाढलेला नाही, कळांच्या आधी केलेलं सिझर. मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले, पोट हाताने तपासलं, टाक्यावर दाबून दुखतं का विचारलं. पाऊण तास दिला. म्हणाल्या, या आकड्यांवर आत्ता सिझर करायचं कारण दिसत नाही. आपोआप कळा आल्या तर प्रयत्न करायचा, त्यांच्याकडे ओटी आणि भूलतज्ज्ञ चोवीस तास आहेत. गोळ्या देणार नाहीत. ४० आठवड्यांच्या पुढे गेलं तर पुन्हा बसून ठरवायचं. मधेच मला स्वतःला सिझर हवंसं वाटलं तर तेही निःसंकोच सांगायचं. हे शेवटचं वाक्य ऐकून मला फार हलकं वाटलं. सासूबाई सोबत होत्या, त्यांनी स्वतः दोन प्रश्न विचारले आणि आता त्या शांत आहेत.

नवीन_सदस्य_बाळे

उशिरा विचारतेय. माझं सिझर दीड वर्षापूर्वी झालं. तेव्हापासून पाळी संपल्यावर चार-पाच दिवस तपकिरी डाग पडत राहतात. दुसऱ्या बाळाचा विचार आहे. आधीच टाका तपासून घ्यावा का?

सोनोवाली_डॉक्टर

हो, तुम्ही घ्यावा. टाक्याच्या जागी आतून खाच पडलेली असू शकते, तिथे रक्त साठून नंतर थोडं थोडं येत राहतं. खाच पुष्कळ जणींना असते आणि बहुतेकींना काही त्रास नसतो, पण तुम्हाला लक्षण आहे आणि पुढच्या बाळाचा विचारही आहे. पाळी संपल्यानंतरच्या त्या डागाच्या दिवसांतच गेलात तर खाचेत रक्त असतं आणि ती चांगली दिसते. सोनोग्राफी आतून करायची. रिपोर्टमध्ये खाचेची खोली आणि तिच्यापुढे उरलेल्या स्नायूची जाडी, दोन्ही वेगवेगळं लिहायला सांगा आणि तो रिपोर्ट घेऊन गायनॅकला भेटा. दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी, गर्भ कुठे रुजलाय ते बघायला.